हिशेबात न आलेली माणसं

हे मनन डोळे मिटून करायचं नाही. उघड्या डोळ्यांनी करायचं आणि बेताबेतानं करायचं. एका बैठकीत संपलंच पाहिजे असंही नाही. मध्येच उठावंसं वाटलं तर उठा, चहा घ्या, परत या.

आधी जागा धरा. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागात, किनवट तालुक्यात, इस्लापूर. मुदखेडहून आदिलाबादला जाणारी रेल्वे इथून जाते. गावापासून जवळच पैनगंगा सहस्रकुंडाला काळ्या खडकावरून खाली उतरते. उन्हाळ्यात धार बारीक होते, खडकाच्या खाचा नि खळगे उघडे पडतात. भाद्रपदात याच जागी पाणी मातकट होऊन कोसळतं आणि शेजारी उभ्या असलेल्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. सुट्टीच्या दिवशी लोक येतात, महादेवाला जातात, कणसं खातात, फोटो काढतात. तुम्हीही हे सगळं करा. मग एखादा कोरडा दगड बघून बसा.

पलीकडच्या काठाकडे पाहा. तो यवतमाळ जिल्हा, उमरखेड तालुका. पाणी तेच, काळी माती तीच, शेतात उभा कापूस तोच. बोलण्याचा हेल जरा वेगळा. आज ही दोन जिल्ह्यांमधली हद्द आहे, कुणाला तिचं काही पडलेलं नाही. १९४७ साली ही दोन राज्यांमधली हद्द होती. अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान, पलीकडे वऱ्हाड. पलीकडचे लोक अलीकडच्या मुलखाला मोगलाई म्हणत. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया, आणि दोहोंच्या मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. १५ ऑगस्टला पलीकडच्या काठावर तिरंगा चढला. अलीकडे तोच तिरंगा चढवणं गुन्हा होता; स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी हैदराबादेत अटक झाली.

इथं थोडं थांबा. नदीची रुंदी नजरेनं मोजा. एवढ्या रुंदीत एक कृत्य इकडे अपराध ठरतं आणि तिकडे सण होतं. त्यावर लगेच काही मत बनवू नका, नुसती रुंदी पाहा.

खुद्द इस्लापूर तरी नांदेडचं कुठं होतं? तेव्हा ते आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ तालुक्याचं एक सर्कल होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात किनवट आणि राजुरा तालुक्यांच्या जोडीला ‘इस्लापूर सर्कल’ असे दोन शब्द आले आणि गाव मुंबई राज्यात गेलं. १९६० ला महाराष्ट्रात. माणसं जागची हलली नाहीत. त्यांच्या डोक्यावरचं सरकार बारा-तेरा वर्षांत निजामापासून महाराष्ट्रापर्यंत बदलत गेलं.

रेघ ओढणारा क्वचितच त्या रेघेवर राहतो. आयर्लंडच्या लोकांना हे आपल्याआधी पाव शतक कळलं होतं. इंग्रजांशी दोन-अडीच वर्षं लढून १९२१ च्या डिसेंबरात त्यांनी तह केला, पण तोवर बेटाच्या ३२ परगण्यांपैकी उत्तरेचे ६ वेगळे काढलेले होते. परगण्याच्या जुन्या हद्दी, म्हणजे कुणाचं तरी शेत, ओढा, गल्ली, हीच एकदम राज्याची सीमा झाली. मग तह मानायचा की नाही यावरून कालचे साथीदार एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. १९२२-२३ मधलं हे यादवी युद्ध वर्षभरही चाललं नाही. घराघरातला अबोला मात्र दोन-तीन पिढ्या पुरला.

अबोला हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याकडेच जायचं आहे. पण वाट भीतीतून जाते.

मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या घरात विचारा, ‘रझाकारात’ काय झालं. काळाचं नावच ते आहे. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत. ‘रझाकारात आम्ही पलीकडं होतो’ असं सांगतात. रझाकार ही इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची हत्यारबंद संघटना, तिचा म्होरक्या कासिम रझवी, लातुरात वकिली करणारा. निजामाचं राज्य हिंदी संघराज्यात जाऊ नये यासाठी ही फौज उभी होती आणि सरकारी पोलीस तिच्यामागे होते. बिलोलीचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांना २९ ऑक्टोबर १९४६ ला अर्जापूरजवळ मारलं, तेव्हा तर अजून इंग्रजही गेलेले नव्हते. पुढची दोन वर्षं जाळपोळ, लूट, बायाबापड्यांवर अत्याचार, लेव्हीच्या नावाखाली धान्य उचलून नेणं, हे गावोगाव झालं. पळापळ झाली. बीदरकडची, लातूरकडची माणसं सोलापूर-बार्शीला गेली. इकडची पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली.

आता त्या पळणाऱ्या गाड्यांपैकी एकीत बसा. रात्र आहे. नदीला जिथं उतार आहे तिथवर जायचंय. बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून कडब्यात खुपसल्यात, आवाज होऊ नये म्हणून. पेवातली ज्वारी तशीच राहिली. पेव रात्रीतून उपसून होत नाही. म्हशीचं दावं सोडून दिलंय, बांधलेली राहिली तर उपाशी मरेल. लेकरू रडायला लागलं की आई त्याचं तोंड पदरानं दाबते, आणि मग घाबरून पदर काढते, श्वास चालू आहे ना बघते. गावात मागं कोण राहिलं? चालता न येणारी सासू. ‘मला काय करतेत ते मेले’ असं म्हणून ती ओसरीवरच बसून राहिली.

या गाडीत तुम्हाला हवा तेवढा वेळ बसा. इतिहासाच्या पुस्तकात ही गाडी नाही. तिच्यात काय काय होतं हे तुमच्या घरात कुणाला ठाऊक असेल तर ते आत्ताच आठवा.

पलीकडे उमरखेडला आणि हद्दीवरच्या इतर गावांत स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. तिथून तरुण अलीकडे यायचे; करोडगिरीचे नाके जाळायचे, ठाण्यांवर चालून जायचे, परत नदीपार व्हायचे. त्यातले काही परतले नाहीत. इस्लापुराहून पुढच्या हिमायतनगरात महाविद्यालयाला हुतात्मा जयवंतराव पाटलांचं नाव आहे. दरवर्षी शेकडो पोरं परीक्षेच्या अर्जावर ते नाव लिहितात.

या लढ्यातली एक गोष्ट मला फार वेळ थांबवून ठेवते. ३० जानेवारी १९४८. नांदेड जिल्ह्यातल्या उमरी गावात हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला आणि वीस लाखांच्या घरातली रक्कम हद्दीपार नेली. त्या काळचे वीस लाख! त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला, त्यामुळं देशाचं लक्ष उमरीकडे जायचं कारणच नव्हतं. पण मला थांबवतं ते पुढचं. त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला. कॅम्पांवर किती गेले, हत्यारांवर किती, उरले किती, हे लिहिलं गेलं आणि लढा संपल्यावर सादर झालं. ज्यांच्या अंगावर धड कपडे नव्हते, अशा पोरांनी लाखो रुपये हाताळले आणि पैचाही घोळ केला नाही. मराठवाड्यात ही गोष्ट छाती फुगवून सांगतात. सांगायलाच हवी.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा, हळूच. पैशाचा हिशेब इतका चोख ठेवणाऱ्या मुलखानं माणसांचा हिशेब ठेवला का?

लगेच उत्तर देऊ नका. हुतात्मा स्मारकं तुमच्या डोळ्यापुढं येतील. तालुक्याच्या ठिकाणचे स्तंभ, त्यावरची कोरलेली नावं. ती आहेत आणि योग्य आहेत. पण पेव सोडून पळताना मेलेलं लेकरू त्या स्तंभावर नाही. ओसरीवर बसून राहिलेली सासू नाही. जाळलेल्या वाड्यातला सालगडी नाही. आणि आणखी एक मोठा जमाव नाही, त्याच्याकडे आता वळायचं आहे. इथं बैठक मोडावीशी वाटेल. एरवी उठलात तरी चालेल, इथं मात्र मोडू नका.

१३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौज संस्थानात शिरली. हीच ती पोलीस ॲक्शन. १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली, १८ ला त्याच्या सेनापतीनं हिंदी फौजेच्या जनरल चौधरींपुढं रीतसर शस्त्र ठेवलं. पाच दिवसांचं काम. पळालेली माणसं नदी उतरून घरी आली. गावोगाव तिरंगे लागले, लोक रडले, नाचले. तेरा महिने उशिरा आलेलं ते स्वातंत्र्य होतं. आनंद खरा होता, पुरता खरा.

ज्या दिवशी शस्त्रं ठेवली गेली ती भाद्रपदी पौर्णिमा होती. दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागला. घराघरात पितरांना पान वाढायचे दिवस. आणि त्याच पंधरवड्यात, आणि त्याच्या पुढंही, मराठवाड्यातल्या गावांमध्ये मुसलमानांची कत्तल झाली.

हे वाक्य एकदा परत वाचा, आणि वाचताना स्वतःकडे लक्ष ठेवा. आत कुठून तरी ‘पण’ येईल. पण रझाकारांनी काय केलं होतं? पण सुरुवात कुणी केली? हा ‘पण’ खोटा नाही. तो जळलेल्या घरांतून आलेला आहे, त्याला हाकलून लावायचं कारण नाही. त्याला बाजूला बसायला जागा द्या आणि पुढं ऐका.

केंद्र सरकारनं त्याच वर्षी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना संस्थानात पाठवलं. सुंदरलाल म्हणजे गांधीजींच्या फळीतले, ज्यांच्या ‘भारत में अंग्रेज़ी राज’ या ग्रंथावर इंग्रजांनी बंदी घातली होती ते. नोव्हेंबर-डिसेंबरात हे तिघं गावोगाव हिंडले आणि त्यांनी अहवाल दिला. त्यांचा अंदाज असा की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि तिच्यानंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ लागलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. रझाकारांचे अत्याचार त्यांनी झाकले नाहीत. तेही अहवालात आहेत. पण मारले गेलेले बहुतेक रझाकार नव्हते, हेही आहे. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे पिंजारी, मोमीन, खाटीक, शेतमजूर. हत्यारबंद म्होरके बहुतेक आधीच सटकले होते किंवा पकडले गेले होते. खुद्द रझवी कैदेत गेला, १९५७ ला सुटला आणि पाकिस्तानात गेला. सूड त्याच्या वाट्याला आला नाही. तो आला त्याच्या गावच्या, लातूरच्या, साध्या माणसांच्या वाट्याला.

हा अहवाल दप्तरात गेला. त्यातले काही भाग अधूनमधून बाहेर आले, पण दिल्लीत अभ्यासकांना तो राजरोस पाहायला मिळाला २०१३ च्या आसपास. पासष्ट वर्षांनी.

मी काही दोन पारडी सारखी करून दाखवत नाही. निजामाची राजवट जुलमी होती, तिच्याविरुद्धचा लढा न्यायाचा होता आणि तो जिंकला हे चांगलंच झालं. यात मला तसूभरही शंका नाही. त्या लढ्यात मुसलमानही होते; ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबाद हिंदी संघराज्यात जावं असं लिहिलं म्हणून १९४८ च्या ऑगस्टात रझाकारांनीच त्यांना मारलं. लढा न्यायाचा होता म्हणूनच त्याच्या नावावर नंतर काय खपवलं गेलं ते पाहायला हवं. स्वामी रामानंद तीर्थांच्या माणसांनी वीस लाखांतली पै इकडची तिकडे होऊ दिली नाही. मग लढ्याची पुण्याई वापरून कुणी शेजाऱ्याचं शेत बळकावलं असेल, तर तो घोळ कुणाच्या खात्यावर घालायचा?

सुंदरलाल आणि त्यांच्या साथीदारांच्या त्याच अहवालात आणखीही काही आहे, आणि आता तिथं बसायचं आहे. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवण्यासाठी हिंदूंनी जीव धोक्यात घातल्याच्या हकिकती त्यांना मिळाल्या. एकाच धंद्यातली माणसं एकमेकांच्या आड उभी राहिल्याचं त्यांनी नोंदवलं. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना सांभाळलं. मागाची खडखड ज्यांच्या कानात एकच, त्यांना बाकीचा फरक दिसेनासा झाला असावा. रझाकारातही उलट बाजूनं असंच घडलं, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात: अमक्या चाचानं आम्हाला कडब्याच्या गंजीत लपवलं. कडब्याच्या गंजीत आत हवा लागत नाही, धाटं टोचतात, आणि बाहेर पावलं वाजत असताना शिंक आवरावी लागते. त्या चाचाचं पुढं सप्टेंबरात काय झालं, हे मात्र सांगणारी बरेचदा सांगत नाही. गोष्ट तिथंच संपते. तुमच्याही घरातली अशी गोष्ट जिथं थांबते, तिथं जाऊन उभं राहा. त्यापुढचा अबोला तोच.

आयरिश लोकांनी आपल्या अबोल्याचं काय केलं, ते थोडं पाहू. त्यांच्याकडे जुनी जखम दुष्काळाची. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडत गेला, सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं मेली, तेवढीच देश सोडून गेली, आणि त्या काळातही बेटावरून धान्य बाहेर जातच होतं. त्यांच्यासाठी पहिली मोठी वर्गणी गोळा झाली ती आपल्या कलकत्त्यात. दक्षिणेच्या स्किबरीन गावात एका दफनभूमीत हजारोंना एकाच जागी पुरलंय, आठ ते दहा हजार म्हणतात. नाव एकाचंही नाही. वर गवत आहे.

कदाचित म्हणूनच पुढच्या वेळी त्यांना लिहून ठेवायची घाई झाली. १९४७ मध्ये, म्हणजे इकडे पैनगंगेवर पळापळ चालू असताना, आयरिश सरकारनं स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेल्यांच्या जबान्या घ्यायला एक खातं काढलं. दहा वर्षांत १,७७३ जबान्या झाल्या. त्या पेटीत बंद केल्या आणि २००३ मध्ये उघडल्या, जेव्हा सांगणाऱ्यांना लाजवायला किंवा गुंतवायला कुणी उरलं नव्हतं. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते. बोल, आत्ता कुणी ऐकणार नाही, पण बोल.

वेगळ्या काढलेल्या उत्तरेच्या त्या सहा परगण्यांत १९६९ पासून तीस वर्षं बाँब आणि गोळ्या चालल्या. १९९८ च्या गुड फ्रायडेला समझोता झाला आणि पुढच्याच वर्षी ‘लॉस्ट लाइव्हज’ नावाचा एक जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात तीन हजार सहाशेंहून अधिक मृत्यू आहेत, तारखेच्या क्रमानं, प्रत्येकाची हकिकत. कॅथलिकांचा विभाग वेगळा नाही, प्रोटेस्टंटांचा वेगळा नाही. शिपाई, बंडखोर, दूध आणायला निघालेली बाई, सगळे ज्या दिवशी मेले त्या दिवसाखाली.

मात्र त्यांनाही हे सगळीकडे साधलं नाही. डब्लिनच्या ग्लासनेविन दफनभूमीत २०१६ साली एक भिंत उभारली. १९१६ च्या उठावात मेलेल्या सर्वांची नावं तिच्यावर, बंडखोरांची आणि इंग्रज सैनिकांचीही. लोकांनी तिच्यावर रंग ओतला, हातोडे मारले. शेवटी २०२२ मध्ये ती नावं काढून टाकावी लागली. शंभर वर्षं लोटूनही एका भिंतीवर शेजारी शेजारी नावं सोसली नाहीत. म्हणजे आपल्याला पाऊणशे वर्षांत हे जड जात असेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. जड आहे एवढंच धरून बसा.

आता दगडावरून उठण्याआधी शेवटचं एक काम. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येला ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांनाही पान वाढायची रीत आहे. कधी, कुठं, कसे गेले हे न कळलेल्या सगळ्यांचं त्या दिवशी. हे पान वाढताना मनात कोण कोण येतं ते बघा. सुरुवात स्वतःच्या माणसांपासून करा, तेच नैसर्गिक आहे. पळताना गेलेलं लेकरू. ओसरीवरची सासू. उमरखेडच्या कॅम्पातून निघून परत न आलेला पोरगा. त्यांच्यापाशी भरपूर वेळ थांबा. मग मनाची तयारी असेल तर कडब्याच्या गंजीवाला चाचा. तयारी नसेल तर आज राहू द्या, पण पान वाढलेलं ठेवा.

आणि मनन झाल्यावर एक वही घ्या. हे मी गंभीरपणे सांगतो आहे. येत्या १७ सप्टेंबरला, निजामाच्या शरणागतीच्या दिवशी, झेंडावंदन आटोपलं, मुलांना खाऊ वाटून झाला की गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा, मग ते हिंदू असो की मुसलमान, पाटलाच्या वाड्यातलं असो की महारवाड्यातलं, तांड्यावरचं की आंध-कोलामांच्या वस्तीतलं. विचारा, रझाकारात आणि पोलीस ॲक्शनमध्ये या गावचं कोण गेलं? वाद घालू नका. नाव मिळालं तर नाव लिहा. नाही मिळालं तर ‘पिंजाऱ्याची सून’ एवढंच लिहा. दोन वेगळ्या याद्या करू नका. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. गावोगावच्या अशा वह्या तिथं जमा व्हाव्यात आणि हवं तर आयरिश लोकांसारख्या काही वर्षं बंद ठेवाव्यात. उमरीच्या पैशाचा हिशेब देणाऱ्या जिल्ह्याला हे अवघड नाही. १९४८ ला जी पोरं पंधरा वर्षांची होती ती आता नव्वदीच्या पुढं आहेत, तेव्हा पुढच्या वर्षीवर टाकू नका.